चमकतंय, पण काय?

संपादकांची अट एकच: तांत्रिक नको. जमेल तेवढी पाळतो. पहिला खुलासा असा, की पेट स्कॅनचा पोटाशी संबंध नाही. ‘पेट’ हे पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफीचं लघुरूप. उपाशीपोटी आलेल्या रुग्णाला किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेली साखर, म्हणजे एफडीजी, शिरेतून देतात आणि तासभर गप्प बसवतात, कारण जो स्नायू राबेल तो ती साखर ओढून घेईल. कॅन्सरच्या बहुतेक पेशी साखरेला हपापलेल्या, म्हणून गाठ चमकते. इथवर सगळ्यांना पटतं. गैरसमज पुढे आहे: चमकतो तो कॅन्सरच, आणि जास्त चमकला म्हणजे आजार वाढला. साखर कोणी खाल्ली हे एफडीजी सांगत नाही. क्षयाने सुजलेली ग्रंथी चमकते, आणि शरीराच्या संरक्षक फौजेतल्या, लढायला उतरलेल्या टी-पेशीही चमकतात.

केमोथेरपीच्या काळात हे बरंचसं निभावून जायचं. इम्युनोथेरपीने पंचाईत केली. ही औषधं कॅन्सरला थेट मारत नाहीत, टी-पेशींना लागलेला ब्रेक काढतात. त्या गाठीत घुसल्या की औषध लागू पडत असतानाही गाठ काही आठवडे फुगलेली दिसू शकते. म्हणून इम्युनोथेरपीचा परिणाम जोखण्यासाठीच्या 2017च्या आय-रेसिस्ट निकषांनी पहिल्या वाढीला ‘खात्री न झालेली’ म्हटलं आणि रुग्णाची प्रकृती ठीक असेल तर चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं. पण याचाही विपर्यास होतो. ‘गाठ वाढली म्हणजे गुण येतोय’ असा दिलासा नातेवाईक एकमेकांना देतात. अशी आभासी वाढ दहात एकालाही दिसत नाही. बहुतेकदा वाढ ही वाढच असते. सावलीवरून माणूस ओळखायचा तर चूक दोन्हीकडे होणार.

माझं म्हणणं साधं आहे: साखर मोजण्यापेक्षा फौज मोजा. झिर्कोनियम-89 हे किरणोत्सारी समस्थानिक अँटिबॉडीला जोडता येतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे 78 तास, म्हणून सावकाश फिरणारी अँटिबॉडी ठिकाणावर पोचेपर्यंत, चारसहा दिवसांनीही, चित्र घेता येतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गटाने 2018मध्ये अशा रीतीने अटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषधच, जे स्वतः एक अँटिबॉडी आहे, 22 रुग्णांच्या शरीरात पाहिलं. एकाच रुग्णाच्या एका गाठीत ते भरपूर, दुसरीत नावालाच. आणि गुण कोणाला येईल याचा अंदाज बायोप्सीवरच्या चाचण्यांपेक्षा या चित्रावरून चांगला बांधता आला. त्यात नवल नाही. बायोप्सीची सुई एका गाठीतला धाग्याएवढा तुकडा आणते आणि आपण त्यावरून साऱ्या शरीराचा निवाडा करतो. नंतर खुद्द फौज, म्हणजे कॅन्सरपेशी मारणाऱ्या सीडी8 टी-पेशी, दाखवणारी द्रव्यंही रुग्णांमध्ये वापरून झाली.

आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. 22 रुग्णांवरून उपचार ठरत नाहीत. टी-पेशी दिसल्या तरी त्या लढताहेत की थकून बसल्यात, हे सीडी8चं चित्र सांगत नाही. किरणोत्साराचा डोसही एफडीजीपेक्षा जास्त. सर्वांत टोचणारा आक्षेप मुंबईतूनच येतो. टाटा मेमोरियलच्या 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डोकं-मानेच्या कॅन्सरवर सौम्य केमोथेरपीच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध केवळ 20 मिलिग्रॅम दिलं, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेलं. औषधच असं आवाक्यात येणार असेल तर ते कोणाला द्यायचं हे सांगणारं महागडं चित्र कशाला? याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. त्या चाचणीतही निम्म्याहून अधिक रुग्णांना वर्ष गाठता आलं नाही. ज्याला गुण येणार नाही त्याचे पैसेच नव्हे, महिनेही जातात. पण चित्र औषधाहून महाग पडलं, तर ते माझ्यासारख्यांच्या व्याख्यानांत राहील, वॉर्डात येणार नाही.

तोवर एफडीजीवरच भागवायचं आहे, तेव्हा ते नीट वाचू द्या. स्कॅनला येताना मागच्या स्कॅनची नुसती रिपोर्टची पानं नव्हे, सीडी आणा. इम्युनोथेरपीचा शेवटचा डोस आणि अलीकडे घेतलेली लस यांच्या तारखा फॉर्मवर लिहा. आणि ‘वाढ’ हा शब्द वाचून घरच्या घरी उपचार थांबवू नका, चालूही ठेवू नका. आधी डॉक्टरांना विचारा, की ही वाढ नेमकी कशाची?