किल्ली कोणाकडे?

आमच्या नागपूरच्या घरी बाबांची एक लोखंडी पेटी आहे. तीत बाबासाहेबांच्या ग्रंथांचे खंड, घरपट्टीच्या पावत्या आणि आम्हा भावंडांच्या गुणपत्रिका. एक किल्ली आईजवळ असे, दुसरी शेजारच्या काकूंकडे. बाबा गेले त्या दिवशी पेटी उघडायला काहीच अडले नाही.

ओटावात आमची पेटी म्हणजे पासवर्ड. बँक, करभरणा, मुलीची शाळा, आईला दरमहा पैसे पाठवण्याचे खाते. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयतांनी त्यांच्यासाठी एक छोटे उपकरण बांधले. आत 'एटीमेगा३२यू४' हा मायक्रोकंट्रोलर. त्यात यूएसबीची सोय अंगभूत असल्याने संगणकाला तो साधा कीबोर्ड वाटतो. बटण दाबले की पासवर्ड स्वतःच टाइप करतो. त्याची कायमची स्मृती, म्हणजे ईईप्रॉम, अवघी एक किलोबाइट. म्हणून वेगळी चिप जोडली. पासवर्ड तिच्यात कूटबद्ध, ते उलगडण्याची किल्ली मात्र स्मार्टकार्डावर. कार्ड आणि पिन दोन्ही नसतील तर उपकरण मुके. 'मूल्टिपास' हा मुक्त प्रकल्प याच रीतीने उभा राहिला होता; बरेचसे आम्ही त्यावरूनच शिकलो.

पहिली फजिती मुलीच्या लॅपटॉपवर झाली. तिची शाळा फ्रेंच माध्यमाची, त्यामुळे कीबोर्डची मांडणीही कॅनेडियन फ्रेंच. उपकरण अक्षर पाठवत नाही, कळीचा क्रमांक पाठवते. अक्षर कोणते ते संगणक ठरवतो. आमच्या पासवर्डातली तिरपी रेघ तिथे डोक्यावर आघातचिन्ह असलेला फ्रेंच 'ए' होऊन उमटत होती, आणि पडद्यावर नुसते ठिपके! कारण कळेपर्यंत बँकेने खाते बंद केले होते. आता आमचे पासवर्ड लांबलचक असतात, पण त्यांत केवळ अक्षरे आणि अंक.

चोराचा बंदोबस्त झाला. पण आम्हालाच काही झाले तर? जेवताना हा विषय निघाला आणि 'क्वाड्रिगा'ची आठवण झाली. या कॅनेडियन क्रिप्टो-बाजाराचे संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला वारले. पासवर्ड केवळ त्यांनाच ठाऊक होते, असे सांगण्यात आले. सुमारे ७६,००० ग्राहकांचे पैसे अडकले. पुढे २०२० मध्ये ऑन्टारिओच्या रोखे आयोगाने हा बहुतांशी कॉटन यांनीच केलेला अपहार असल्याचा निष्कर्ष काढला. तरीही पासवर्डाची कथा आधी सर्वांना पटली होती. आम्हालाही पटली, आमच्या घरी तरी वेगळे काय होते?

मग दुसरे उपकरण बांधले. ते आणि दुसरे कार्ड नागपूरला ताईकडे दिले. पिन लखोट्यात बंद करून येथील एका मित्राजवळ. एकट्या कोणालाही काही उघडता येऊ नये, एवढाच हेतू. मित्राला हे थोडे विचित्र वाटले. ताईने मात्र काही न विचारता ते बाबांच्या पेटीत ठेवले.

एक अडचण उरली आहे. येथे पासवर्ड बदलला की तिथली प्रत शिळी होते. आईच्या खात्याचा बदलला तर ताईला त्याच दिवशी फोन करून सांगतो, बाकीचे भारतभेटीत हाताने भरतो.