अंतराळयानातला संडास कोण साफ करतो?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवार होता. आम्ही आणि धाकटा भाऊ घरी बसून मोबाइलवर एक इंग्रजी सिनेमा बघत होतो. पांढरंशुभ्र अंतराळयान, चकचकीत बोळ, कुठे धुळीचा कण नाही. यानात कॅप्टन आहे, डॉक्टर आहे, शास्त्रज्ञ आहेत. भावाने अर्धा तास बघितलं आणि विचारलं, "दादा, एवढी माणसं आत राहतात, तर यांचा संडास कोण साफ करतं?"

आम्ही हसलो. तो हसला नाही.

भाऊ एका महापालिकेत सफाई कामगार आहे. वडीलही त्याच खात्यात होते. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. वडील निवृत्त झाले तेव्हा झाडू कुणी घ्यायचा, एवढाच प्रश्न घरात होता. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. करत होतो, म्हणून भावाने घेतला. ठेकेदारीच्या जमान्यात ही पक्की नोकरी सोड, असं त्याला सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. आमची शेवटच्या वर्षाची फी त्याच पगारातून गेली आहे. पण ज्या घरात भविष्यकाळसुद्धा वारसा हक्काने मिळतो, त्या घरातल्या पोरांनी भविष्यकाळाच्या गोष्टी वाचाव्यात की नाही? आमचं उत्तर आहे, वाचाव्यात. आणि कोणत्या वाचाव्यात, तेही इथे सांगतो.

आमचे काही ज्येष्ठ कार्यकर्ते यावर चिडतात. "आधी बाबासाहेब वाचा, मग यानं उडवा," असं म्हणतात. बाबासाहेब वाचायचेच, त्यात वाद नाही. पण संविधानात कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, तेव्हा तसा समाज या देशात कुठल्या गावात होता? नव्हता. नसलेला समाज आधी डोक्यात रचावा लागतो, मगच तो कागदावर येतो. १९३५ साली येवल्यात घोषणा झाली आणि १९५६ साली नागपुरात दीक्षा झाली. मधली एकवीस वर्षं आपल्या माणसांनी जे अजून घडलं नव्हतं, त्याच्या भरवशावर काढली. कल्पना करणं म्हणजे पळ काढणं नव्हे. ज्याला आहे ते टिकवायचं आहे, त्याला कल्पनेची गरज कमी पडते. गरज आपल्याला आहे.

आता पहिली शिफारस. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. डू बॉइसनी उत्तरही दिलं. हे पत्र आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असतं. पण याच डू बॉइसनी १९२० साली 'द कॉमेट' नावाची विज्ञानकथा लिहिली होती, हे आम्हाला एम.ए. होईपर्यंत कुणी सांगितलं नाही.

कथा न्यूयॉर्कची आहे. जिम हा एका बँकेतला कृष्णवर्णीय निरोप्या. बँकेच्या अगदी खालच्या तळघरातून जुनी कागदपत्रं आणायची असतात. जागा धोक्याची, म्हणून जिमला पाठवतात. त्याच वेळी एका धूमकेतूच्या शेपटीतला विषारी वायू शहरावरून जातो. जिम वर येतो तेव्हा सगळे मेलेले असतात. धोक्याच्या जागी ढकललेला माणूसच तेवढा वाचलेला असतो. काल ज्या हॉटेलात त्याला कुणी वाढलं नसतं, तिथे तो आज जाऊन जेवतो. पुढे त्याला एक श्रीमंत गोरी तरुणी भेटते. जगात आपण दोघंच उरलो, असं वाटल्यावर तिला पहिल्यांदा त्याच्यात माणूस दिसतो. मग कळतं, फक्त न्यूयॉर्क मेलं आहे, बाकी जग शाबूत आहे. बाहेरून गोरी माणसं येतात आणि काही क्षणांत सगळं पूर्ववत होतं. डू बॉइसचा सवाल सरळ आहे. वंशभेद मोडायला अख्खं शहर मरावं लागतं का? आपल्याकडे आजही माणूस गटारात उतरवला जातो आणि तो जिमसारखा वर येत नाही. ही कथा वीसेक पानांची आहे आणि इंटरनेटवर फुकट मिळते. सुरुवात इथून करा.

दुसरी शिफारस ऑक्टेव्हिया बटलर यांची 'किंड्रेड', १९७९ ची कादंबरी. हिच्याबद्दल थोडं जास्त बोलायचं आहे.

डेना ही १९७६ सालच्या लॉस एंजेलिसमधली कृष्णवर्णीय लेखिका. ती अचानक दीडशे वर्षं मागे, मेरीलँडमधल्या गुलामांच्या मळ्यावर खेचली जाते. मळेवाल्याचा गोरा मुलगा रूफस संकटात सापडला की तिला जावं लागतं आणि त्याला वाचवावं लागतं. कारण हा रूफस तिचाच पूर्वज आहे. तो आधीच मेला, तर तिचा वंशच जन्माला येणार नाही. शिकलेली, स्वतंत्र, विसाव्या शतकातली डेना मळ्यावर चार दिवस राहते आणि मान खाली घालायला शिकते. तिला वाटलं होतं, आपण असतो तर लढलो असतो. तिथे गेल्यावर कळतं की जिवंत राहणं हेच केवढं मोठं काम होतं.

बटलर यांनी मुलाखतींतून सांगितलं आहे की या कादंबरीचं बीज कॉलेजमधल्या एका कार्यकर्त्या मुलाच्या बोलण्यात होतं. आपल्या जुन्या पिढीने वाकून वाकून आपल्याला मागे ठेवलं, तिला संपवलं पाहिजे, अशा अर्थाचं तो बोलला. बटलर यांना आठवली स्वतःची आई. ती गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायची, मागच्या दाराने आत जायची, अपमान ऐकून न ऐकल्यासारखं करायची. त्याच पैशावर मुलगी शिकली.

आमच्यातही तो मुलगा होता. आम्ही अकरावीत असताना वडील दिवाळीची पोस्त मागायला सोसायटीच्या फाटकाशी उभे होते. आम्ही मित्रांबरोबर समोरून येत होतो. वडिलांनी पाहिलं, आम्हीही पाहिलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. चळवळीत आल्यावर तर आमची जीभ आणखी सुटली. "तुम्ही वाकलात म्हणून आम्हाला हे दिवस," असं एकदा भर जेवणात बोललो. वडील काही म्हणाले नाहीत. ताटातलं संपवलं आणि रात्रपाळीला गेले. 'किंड्रेड' आमच्या हातात आली तेव्हा ते जाऊन दोन वर्षं झाली होती. माफी मागायला माणूस उरला नव्हता. आपल्या शिबिरांत आजही तरुण पोरं वडीलधाऱ्यांबद्दल असं बोलतात. त्यांना भाषण देण्याऐवजी आम्ही आता ही कादंबरी देतो. या कादंबरीवर २०२२ मध्ये मालिकाही आली, पण ती एका सीझननंतर बंद पडली. पुस्तकच वाचा.

तिसरी शिफारस म्हणजे भावाच्या प्रश्नाचं उत्तर. उर्सुला ले ग्विन यांची 'द डिस्पझेस्ड', १९७४. ॲनारेस नावाच्या उजाड चंद्रावर काही माणसांनी मालकी, सरकार आणि तुरुंग नसलेला समाज उभा केला आहे. मग घाण काम कोण करतं? सगळेच, पाळीपाळीने. दर दहा दिवसांतून एक दिवस अशा कामांचा. शास्त्रज्ञालाही सूट नाही. काम कुणाच्या जन्माला चिकटलेलं नाही. बाबासाहेबांनी 'जातीचे निर्मूलन'मध्ये म्हटलं आहे की जात ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे. ती विभागणी काढून टाकली तर समाज कसा चालेल, याची ही कादंबरी जणू तालीम आहे. आणि ले ग्विन भाबड्या नाहीत. त्या समाजातही एक वजनदार प्राध्यापक नायकाचं संशोधन अडवून धरतो, लोकमताच्या दडपणाखाली वेगळा माणूस चिरडला जातो. संघटनेत काम केलेल्या कुणालाही हे वाचताना स्वतःची कमिटी आठवेल.

भावाला ही पाळीची पद्धत सांगितली. तो म्हणाला, "तिकडे बदली मिळते का बघ."

चौथी शिफारस एन. के. जेमिसिन यांची तीन कादंबऱ्यांची मालिका, पहिला भाग 'द फिफ्थ सीझन', २०१५. या तिन्ही भागांना लागोपाठ तीन वर्षं ह्यूगो पुरस्कार मिळाला. असं आधी कुणाच्याही बाबतीत झालं नव्हतं. या जगात सतत भूकंप होतात आणि काही माणसांना ते थांबवण्याची जन्मजात शक्ती आहे. ज्यांच्यामुळे जग टिकून आहे, त्यांनाच समाज शिवी देतो, कोंडून ठेवतो, मारतो. शिवाय इथे प्रत्येकाला उपयोगानुसार जात आहे आणि ती नावातच लावलेली असते. मुलाखतीला गेल्यावर ज्याला आधी पूर्ण नाव विचारलं गेलं आहे, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. सुरुवातीची पन्नास पानं अवघड जातील. धीर धरा.

मालिका बघणाऱ्यांसाठी 'द एक्स्पान्स'. नऊ कादंबऱ्या आणि सहा सीझन. मंगळाच्या पलीकडे लघुग्रहांच्या पट्ट्यात खाणकाम करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या कमी गुरुत्वाकर्षणात वाढली आहेत. त्यांची हाडं उंच आणि नाजूक झाली, बोली वेगळी झाली. शरीर आणि बोली या दोन्हींवरून त्यांची हेटाळणी होते. हवा आणि पाणी दुसऱ्यांच्या ताब्यात आहे. चवदार तळं ज्यांना कळलं, त्यांना ही मालिका पहिल्या भागापासून कळते. आमची तक्रार एकच. नायक पुन्हा पृथ्वीवरचाच आहे. पीडितांच्या लढ्यात बाहेरचा कॅप्टन कशाला लागतो, हे विचारत बघा.

आणि मराठी? आम्हाला विज्ञानकथेची गोडी लावली ती जयंत नारळीकरांनी. शाळेच्या ग्रंथालयातली त्यांची पुस्तकं आम्ही फाटेस्तोवर वाचली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. आपल्या मोठ्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये, म्हणून त्यांनी नाव लपवलं. आपली पोरं भाड्याने खोली शोधताना आडनाव लपवतात ते वेगळ्या कारणाने. या दोन लपवण्यांमधलं अंतर हाच एका मराठी विज्ञानकथेचा विषय आहे. ती अजून आमच्या वाचनात आलेली नाही. त्या कथांचं ऋण आम्ही मानतो, पण त्यांत आम्हाला आमची वस्ती भेटली नाही, हेही नोंदवतो.

दुसरीकडे सुरुवात झाली आहे. चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने २०२४ मध्ये जातिविरोधी विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह काढला. कोलकात्याच्या दलित लेखिका मिमी मंडल यांनी सहसंपादित केलेलं बटलर यांच्यावरचं पुस्तक २०१८ मध्ये ह्यूगोच्या अंतिम यादीत होतं. म्हणजे वाट आहे.

ही पुस्तकं आम्ही इंग्रजीतच वाचली आणि आमचं इंग्रजी काही कॉन्व्हेंटचं नाही. उपाय साधा आहे. चौघांनी मिळून एक पुस्तक घ्यायचं, एकेकाने प्रकरण वाचून बाकीच्यांना मराठीत सांगायचं. आमच्या अभ्यासिकेत 'द कॉमेट' असंच झालं. एका रात्रीत संपलं आणि वाद तीन रात्री चालला.

वाचताना प्रत्येक लेखकाला तीन प्रश्न विचारा. तुमच्या भविष्यात घाण काम कोण करतं? तिथे मुलाला बापाचं काम मिळतं की स्वतःचं? आणि ही गोष्ट सांगणारा कोण आहे? ज्या पुस्तकाकडे उत्तर नसेल, तेही वाचा, पण सोडू नका. आणि तीन-चार पुस्तकं झाली की वही उघडून स्वतः लिहायला बसा. वस्तीत २०८० साली काय चाललंय, एवढं दहा पानांत लिहा. वाईट लिहिलं तरी चालेल. आम्ही वाचू.

जयभीम!