एप्रिलची पुस्तकं

दरमहा एक विषय ठरवून पुस्तकं वाचायची ही कल्पना माझीच होती. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर फोडायला दुसरं डोकं उपलब्ध नाही.

बँकेतून निवृत्त झालो आणि तालुक्याच्या गावातल्या आमच्या 'ब' वर्गाच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर गेलो. निवृत्त माणसाला कार्यकारिणीवर घेताना कोणी फार विचार करत नाही. वाचनालयात पुस्तकं भरपूर होती, पण देवघेवीच्या रजिस्टरात तीच ती फिरत होती. 'मृत्युंजय' आला की 'स्वामी' जायचं, 'स्वामी' आलं की 'ययाति'. बाकीची कपाटं वर्षातून एकदा, वाळवीच्या औषधाला उघडायची. म्हणून मी 'बारा महिने, बारा विषय' असा उपक्रम काढला. एक तारखेला फळ्यावर विषय, त्याखाली मी निवडलेली चार-पाच पुस्तकं, शेवटच्या रविवारी चर्चा. बारा महिने पुरे करणाऱ्याला पुढच्या वर्षीची वर्गणी माफ.

वर्षभराचा तक्ता मी स्वतः आखला. हयात लेजरवर गेलेल्या माणसाला रिकामा रकाना बघवत नाही. फेब्रुवारीत युद्ध, मार्चमध्ये स्त्रियांचं लेखन, एप्रिलमध्ये दलित साहित्य, मे महिन्यात कोकण, जूनमध्ये मुंबई, ऑगस्टला पशुपक्षी, सप्टेंबरला विनोद, ऑक्टोबरला प्रवास. विषय दरवर्षी तेच, पुस्तकं थोडी इकडेतिकडे. तक्ता कार्डबोर्डवर चिकटवून घड्याळाखाली टांगला. येणारा-जाणारा 'वा!' म्हणायचा, आणि ते मला खरं वाटायचं.

पहिल्या वर्षी मी पुस्तकं निवडली ती दाखल-नोंदवहीत नावं वाचून. सगळी वाचलेली कुठून असणार? पशुपक्ष्यांच्या महिन्यासाठी वही चाळताना जी. ए. कुलकर्णी सापडले. 'पारवा', 'हिरवे रावे', 'पिंगळावेळ'. एका लेखकाकडे तीन पक्षी! मला कोण आनंद झाला. जी. ए. थोर आहेत एवढं ऐकून होतो, वाचलेले नव्हते. 'हिरवे रावे' फळ्यावर गेलं. आमच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, पहाटे दुर्बीण घेऊन तळ्यावर जाणाऱ्या. त्यांनी ते हौसेने नेलं. आठवड्याने परत आणून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "काका, कथा फार मोठ्या आहेत. दोन रात्री झोप नाही. पण यात पक्षी कुठे आहेत?" मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' त्याच कपाटात, खालच्या फळीवर होतं. त्याच्या नावात पक्षी नव्हता, म्हणून माझी नजर त्यावर ठरली नाही.

त्याच वर्षी व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' मी जानेवारीत, राजकारणाच्या महिन्यात लावलं होतं. ती वानरांच्या टोळ्यांची गोष्ट आहे. त्या कादंबरीला 1983 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता, आणि मला वाटत होतं की मंत्रिमंडळाची खबरबात काढल्याबद्दल मिळाला असेल. चर्चेच्या दिवशी एका वकिलांनी अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारलं, "यातला मुख्यमंत्री कोणता?"

गंमत अशी की कधी कधी अंदाज बरोबर लागायचा. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' मी ऑक्टोबरमध्ये घातलं तेही नावावरूनच. दक्षिणेच्या आशेने वरसईहून उत्तरेकडे निघालेले भटजी 1857च्या धामधुमीत सापडले आणि झाशीच्या वेढ्यात शहराच्या आत होते, हे मला चर्चेत इतरांकडून कळलं. लोकांनी मला शाबासकी दिली, मी ती घेतली. मटक्याचा आकडा एकदा लागला की माणूस जास्त बिघडतो.

दुसऱ्या वर्षी मला शहाणपण सुचलं ते पानांच्या संख्येचं. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, विषय युद्ध. विश्वास पाटलांचं 'पानिपत' जाडजूड, म्हणून मी स्वतःसाठी विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' काढलं. केवळ ते बारीक होतं म्हणून. चर्चेच्या आदल्या रात्री जेवण झाल्यावर हातात घेतलं आणि बारा वाजायच्या आत संपवलं. तक्त्यात माझ्या नावापुढे खूण केली. दुसऱ्या दिवशी उभा राहून 'युद्धाच्या छायेतली तरल प्रेमकथा' असं काहीतरी बोललो. हे वाक्य कुठल्याही पुस्तकाला चालतं.

कॉलेजातली एक मुलगी तेच पुस्तक वाचून आली होती. तिने विचारलं, "काका, चक्रधर मुंबईला उतरून जातो तेव्हा तुम्हाला त्याचा राग आला की नाही?" मला आठवेना. बोट होती, युरोप सोडून निघालेले ज्यू निर्वासित होते, हॅर्टा होती, एवढं आठवत होतं. तो उतरतो आणि ती पुढे जाते, हे मी वाचलं होतं, पण डोळ्यांनीच. 1939 साली, तिकडे महायुद्धाला तोंड फुटत असताना, एका मराठी लेखकाने त्या बोटीवर जे पाहिलं ते मी जेवण आणि झोप यांच्या मधल्या वेळात उरकून टाकलं होतं. मी म्हणालो, "आला थोडा." ती माझ्याकडे पाहत राहिली आणि खाली बसली.

'ऋतुचक्र'चंही असंच केलं. दुर्गाबाई भागवतांनी चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यावर एकेक लेख लिहिला आहे. महिन्यामहिन्याने वाचायचं म्हटलं तर याहून सोयीचं पुस्तक मराठीत मिळायचं नाही. मी ते जुलैला, पावसाच्या विषयात टाकलं आणि बाराही महिने पंधरा दिवसांच्या मुदतीत लोकांच्या गळी उतरवले.

प्रतींचा हिशेब तर मी धरलाच नव्हता. पुस्तकाची प्रत एक, मागणारे डझनभर. शेवटचा नंबर लागलेल्याला ते चर्चेच्या आदल्या दिवशी मिळायचं. वर्गणी वाचवायची म्हणून लोक मलपृष्ठ वाचून यायला लागले, आणि मीही त्यांच्यात होतो, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

इथवरच्या चुका मी चारचौघांत सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. एप्रिलची मात्र आजवर कुणाला सांगितलेली नाही.

मार्च-एप्रिल हे माझ्या तक्त्यातले मला सर्वांत अभिमानाचे महिने होते. मार्चमध्ये लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', गौरी देशपांडे, ऊर्मिला पवारांचं 'आयदान'. एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीच्या निमित्ताने दया पवारांचं 'बलुतं', लक्ष्मण मान्यांचं 'उपरा', लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या', बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं'. आपण किती व्यापक दृष्टीचे, असं मला तक्त्याकडे पाहून वाटायचं. दर एक एप्रिलला आमच्या एक ज्येष्ठ सभासद बाई फळा पाहून म्हणायच्या, "चला, बायका संपल्या." सगळे हसायचे. मीही हसायचो. तो विनोद नव्हता हे मला फार उशिरा कळलं.

तहसील कचेरीत लागलेला एक तरुण होता. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांसाठी सभासद झाला होता, नोकरी लागल्यावरही येत राहिला. दर महिन्याचं पुस्तक खरोखर वाचून येणाऱ्या थोड्यांपैकी तो एक. बोलायचा कमी. त्या एप्रिलच्या चर्चेला आम्ही नेहमीपेक्षा निम्मेच होतो. दर एप्रिलला तसंच व्हायचं. काही जण 'जड विषय' म्हणून महिनाभर रहस्यकथा न्यायचे आणि मे महिन्यात कोकणाला परत यायचे. रजिस्टरात ते स्वच्छ दिसत होतं, आणि रजिस्टर रोज माझ्याच समोर असायचं.

चर्चा संपत आली तेव्हा तो उठून तक्त्याजवळ गेला. म्हणाला, "काका, एक विचारू? जूनमध्ये मुंबई आहे. 'बटाट्याची चाळ' आहे, जयवंत दळवींचं 'चक्र' आहे. 'बलुतं' का नाही? कावाखाना नागपाड्याजवळच आहे ना?"

मी म्हणालो, "अरे, ते एप्रिलमध्ये आहे ना."

त्याने बोट खाली नेलं. "ऑक्टोबरमध्ये प्रवास. 'अपूर्वाई' आहे. 'उपरा'त गाढवांवर बिऱ्हाड लादून माणसं गावोगाव जातात. तो प्रवास नाही का?"

"तसं नाही रे. जयंतीचा महिना, म्हणून मुद्दाम, एक मान म्हणून..."

"मी 'रणांगण' वाचलं, 'गारंबीचा बापू' वाचलं," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "ते वाचताना मला कुणी विचारलं नाही, तुझा महिना कोणता. मग या पुस्तकांनाच एक महिना का?"

या ठिकाणी मी गप्प बसलो असतो तरी पुष्कळ झालं असतं. पण मी कार्यकारिणीवर होतो आणि बँकेत तक्रारदाराला शांत करण्यात माझा हातखंडा होता. मी मोठ्या मनाने म्हणालो, "तुझं बरोबर आहे. असं करू, पुढच्या वर्षी एप्रिलची यादी तूच कर."

तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. त्याने तक्त्यातला एकच रकाना मोडायला सांगितला होता आणि मी त्यालाच त्या रकान्यात बसवलं. हे माझ्याखेरीज त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं, असं आता वाटतं. मुख्याध्यापिकाबाई पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला लागल्या. "बघतो," म्हणून तो खाली बसला. नंतर चहा झाला. चहा घेऊन गेला.

जूनमध्ये तो अनामत परत न्यायला आला. अर्जात कारण लिहिलं होतं 'वैयक्तिक'. व्हाउचरवर सही माझीच लागत होती. मी सही केली, पैसे मोजून दिले. त्याने ते न मोजता खिशात घातले. त्याच्याबरोबर येणाऱ्या दोन मुलीही पुढे दिसेनाशा झाल्या. कार्यकारिणीच्या सभेत सभासदसंख्या कमी झाल्याचा विषय निघाला तेव्हा मी मोबाइलवर बोललो, नव्या पिढीवर बोललो. इतिवृत्तात तसंच लिहिलेलं आहे.

मला खरी जाग आली ती त्या दिवाळीत, पुढच्या वर्षीचा तक्ता आखताना. सवयीने एप्रिलच्या रकान्यात 'बलुतं' लिहिलं आणि पेन थांबलं. 1978 साली आलेलं पुस्तक. मी ते कधी वाचलं होतं? वाचलंच नव्हतं. दर वर्षी फळ्यावर लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात. त्या आठवड्यात ते घरी नेलं. दगडू मारुती पवार आपली हकिकत दया पवारांना सांगतो आहे, एकाच माणसाची दोन माणसं झालेली आहेत, हे पहिल्या पानांपासून कळत गेलं. आणि गाव सोडलं की मुंबईच मुंबई. माझी बदली दोन वर्षं भायखळ्याला होती. त्या रस्त्यांवरून मी रोज डबा घेऊन गेलो होतो, आणि ती मुंबई मी पाहिलेली नव्हती. तो तरुण एवढंच सांगत होता.

मग एकेक पुस्तक काढून वाचत गेलो. 'आयदान'मध्ये रत्नागिरीकडची बायकांची डोंगरातली वाट आहे. मी कोकणाच्या महिन्यात श्री. ना. पेंडशांच्या दोन कादंबऱ्या लावून ते राज्य पुरं झालं असं समजत होतो. 'स्मृतिचित्रे' वाचताना तर बायकोने दोनदा विचारलं, एवढं हसायला काय झालं. मराठीतल्या इतक्या विनोदी बाईला मी मार्चमध्ये हळदीकुंकवाला बसवलं होतं, आणि सप्टेंबरमध्ये विनोद म्हणून तेच ते पुरुष.

नव्या तक्त्यात मार्च आणि एप्रिलचे विषय काढून टाकले. तिथे 'शाळा' आणि 'भूक' आले. 'बलुतं' मुंबईत गेलं, 'उपरा' प्रवासात, 'आयदान' कोकणात, लक्ष्मीबाई विनोदात. वर्गणीमाफी बंद केली. पुस्तक आधी मी वाचायचं आणि मगच फळ्यावर लिहायचं, असा नियम मी स्वतःपुरता केला. त्यामुळे आता यादीत चार-पाच पुस्तकं नसतात, दोन असतात. कधी एकच. दर एप्रिलला रहस्यकथा नेणारे एक गृहस्थ जूनमध्ये मुंबई म्हणून 'बलुतं' घेऊन गेले आणि मुदत वाढवायला आले. मी दंड घेतला नाही. हिशेबात ती चूक अजून आहे.

तो तरुण परत आला नाही. एस.टी. स्टँडवर भेटतो, नीट बोलतो, तब्येत विचारतो. वाचनालयाचा विषय तोही काढत नाही आणि मीही नाही. माफी मागायला हवी होती हे कळतं, पण 'तुझं बरोबर आहे' हे वाक्य मी एकदा फुकट घालवून बसलो आहे.

तुमच्या वाचनालयात, शाळेत, सोसायटीत असा एखादा तक्ता असेल तर एकदा त्याच्यासमोर उभे राहा. कोणती पुस्तकं एकाच महिन्यात बसवली आहेत ते पाहा, आणि त्यांतली तुम्ही स्वतः किती वाचली आहेत तेही मोजा. नसतील वाचली तर एखादं आजच घरी न्या. महिना कोणता का असेना.