सैल टाका

दरवर्षी डिसेंबरात आम्ही विद्यार्थ्यांसह भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबू ठोकून दोन रात्री राहतो. तेथील थंडी प्रथम कानांनाच गाठते. गेल्या वर्षी विकतची टोपी वाऱ्यापुढे टिकली नाही, म्हणून यंदा कानटोपी घरीच शिवायचे मी ठरविले. वास्तविक हे काम आईचे. तिने आयुष्यभर गोधड्या शिवल्या; नातवंडांच्या कुंच्याही तिच्याच हातच्या. परंतु दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने तिचा उजवा हात अधू झाला आणि वाचाही गेली. 'वाचाघात' ही संज्ञा मी वर्गात अनेकदा फळ्यावर लिहिली होती. ती एक दिवस घरातल्या खाटेवर येऊन बसेल, असे कधी मनात आले नव्हते.

बाहेरून जुन्या छत्रीचे कापड, आतून फ्लॅनेल आणि मध्ये फाटक्या जॅकेटातील कृत्रिम तंतूंचे भरण, असे साहित्य जमविले. डोक्याचा घेर ५६ सेंटीमीटर होता. भरण एक सेंटीमीटर जाड, म्हणून बाहेरच्या कापडाचा घेर सुमारे ६ सेंटीमीटर अधिक ठेवला. मग गोधडीवर पाहिले होते तसे दाट धावदोरे घातले आणि प्रत्येक टाका ओढून घट्ट केला. टोपी पापडासारखी चपटी झाली.

आईने ती चिमटीत दाबून पाहिली. तिला काही सांगायचे होते, शब्द येईना. मी सवयीने सुचवू लागलो : लहान झाली? उलटी शिवली? तिने नकारार्थी मान हलविली, कात्रीकडे बोट केले आणि डाव्या हाताने एकाआड एक ओळ उसवू लागली. मी कापड ताणून धरले. दोरा सुटला तसे भरण फुगून वर आले. तो भाग तिने माझ्या कानावर ठेवला.

भरण स्वतः ऊब निर्माण करीत नाही. त्याच्या तंतूंत अडकलेली स्थिर हवा अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही, आणि घट्ट टाका नेमकी तीच हवा दाबून काढतो. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून दाट टाके हवेत. फुगीर भरणाला मोजके, सैल टाके पुरतात. हे सारे मी नंतर वाक्यांत मांडले. आईने ते आधीच करून दाखविले होते.

धावदोरा, टीप, बखिया हे शब्द मी पूर्वी तिच्याकडूनच वहीत टिपून घेतले होते. शब्द नोंदले की ज्ञान हाती आले, अशी माझी समजूत होती. विद्यार्थिमित्रहो, दिवसभर हातांनी काम करून रात्री हे पुस्तक उघडणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांची अशी समजूत कधीच नसेल.

त्या टोपीने दोन्ही रात्री कान राखले. परतल्यावर आईने ती उलटी करून पाहिली आणि एका निसटलेल्या टाक्यावर बोट ठेवले. मी सुईत दोरा ओवला.