शीव ते ठाणें : विक्रोळीच्या वाटेनें

मुंबईहून ठाण्याकडे जाणारी गाडी घाटकोपर सोडून विक्रोळीस थांबते, तेव्हां खिडकीपाशीं बसलेल्या उतारूस बाहेर मुद्दाम पाहण्याजोगें कांहीं आहे असें सहसा वाटत नाहीं. कारखान्यांचीं छपरें, इमारतींची दाटी, आणि पूर्वेकडे एखाद्या फटींतून क्षणभर दिसणारी तिवरांची हिरवी रेघ. येथें किल्ला नाहीं, तट नाहीं, कोणत्या लढाईचा दगडहि नाहीं. परंतु ज्या भूमीवरून ही गाडी धांवते ती शंभरांहून अधिक वर्षें दोन राज्यांच्या सरहद्दीची भूमि होती. तिच्या दक्षिण टोंकास शीवेचा किल्ला व उत्तर टोंकास ठाण्याचा. आणि या दोहोंच्या मध्यें विक्रोळी. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं बिऱ्हाडें आज याच पट्ट्यांत आहेत, म्हणून ही हकीकत थोड्या विस्तारानें सांगण्याचें आम्हीं मनावर घेतलें.

प्रथम नांवाविषयीं. 'साष्टी' हा संस्कृत 'षट्षष्टि' या शब्दाचा अपभ्रंश होय. सहासष्ट गांवांची ती साष्टी. गोव्यांतहि एक साष्टी आहे व तिची व्युत्पत्तिहि हीच सांगतात. दोन्ही साष्टी पोर्तुगिजांच्या ताब्यांत गेल्या, त्यामुळें जुनीं पत्रें वाचणारांचा पुष्कळदां घोटाळा होतो. आपली साष्टी म्हणजे माहीमच्या खाडीपासून वसईच्या खाडीपर्यंत पसरलेलें बेट. विक्रोळीचा शेजारी जो भांडुप, तेथें शिलाहार राजा छित्तराजदेव याचा शके ९४८ चा, म्हणजे इ. स. १०२६ चा, ताम्रपट सांपडला आहे. श्रीस्थानक म्हणजे ठाणें. त्याखालील षट्षष्टि विषयांतील नौर नांवाच्या गांवीं असलेलें एक शेत राजानें एका ब्राह्मणास दिल्याचें त्यांत नमूद आहे. असल्या ताम्रपटांत दात्याची वंशावळ असते, प्रतिग्रह घेणाराचें गोत्र असतें. नांगर धरणाराचें नांव मात्र क्वचितच असतें. हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण या मुलुखाचा पुढील सारा इतिहास याच साच्याचा आहे. तलवार कोठें तरी दुसरीकडे चालावी आणि मग विक्रोळीसारख्या गांवच्या जमिनीचा कागद लिहिला जावा, असें येथें वारंवार झालें.

१५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसई व भोंवतालचा मुलूख तहानें पोर्तुगिजांस दिला. त्यांनीं गांवें आपल्या लोकांस बहुधा तीन पिढ्यांच्या करारानें वांटलीं. सरकारास द्यावयाच्या ठराविक धाऱ्यास ते 'फोरो' म्हणत. मुंबईंतील फोरास रोड या नांवांत तो शब्द अजून जिवंत आहे. जमीन धारण करणारानें प्रसंग पडल्यास हत्यार घेऊन चाकरीस यावें, अशी या वांटणीमागील योजना. शेतकी व शिपाईगिरी एकाच दोरीनें बांधण्याची ही युक्ति जगांत जेथें जेथें सरहद्द आहे तेथें तेथें आढळते. येथें मात्र शिपाई आळशी झाला आणि शेतकरी नागवला गेला.

पुढें १६६१ च्या विवाहकरारानें मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण मिळाली व १६६५ सालीं प्रत्यक्ष ताब्यांत आली. आंदणांत काय काय दिलें यावरून व्याही-व्याह्यांत जसा तंटा लागावा तसा लागला! मुंबईबरोबर साष्टीहि येते असें इंग्रजांचें म्हणणें. पोर्तुगीज तें मुळींच मानीनात. शेवटीं साष्टी फिरंग्यांकडेच राहिली व सरहद्द शीवेच्या खाडीवर येऊन थांबली. शीव म्हणजेच सीमा. गांवाचें नांव इतकें अन्वर्थक क्वचितच असतें. ठाण्याच्या खाडीवाटे मुंबईस जाणाऱ्या मालावर पोर्तुगीज जकात घेत, आणि तीवरून इंग्रजांची सतत कुरकुर चाले. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याच्या कारकीर्दींत शीवेच्या टेकडीवर किल्ला झाला. आज त्या टेकडीच्या पायथ्याशीं बाग आहे. वरचे तट मोडकळीस आले आहेत, तरी तेथें उभें राहिलें म्हणजे सीमेवरील पहारेकऱ्यास उत्तरेकडे डोळा ठेवण्यासाठीं हीच जागा कां निवडली तें सांगावें लागत नाहीं. जवळच धारावींत दाट वस्तीनें वेढलेला 'काळा किल्ला' आहे. मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या हुकुमानें तो १७३७ सालीं बांधल्याचा लेख त्यावर आहे. हें साल फार बोलकें आहे.

कारण याच १७३७ च्या वसंत ऋतूंत मराठ्यांची फौज साष्टींत उतरली. अणजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधु यांनीं पुष्कळ वर्षें पुण्यास खेटे घालून पेशव्यांस या मोहिमेस उद्युक्त केलें होतें. धर्मच्छळानें लोक गांजले होते, आणि ठाण्याच्या नव्या किल्ल्याचें काम तर अर्धवटच पडलें होतें. चिमाजी अप्पांच्या फौजेच्या लोकांनीं रात्रीं खाडी ओलांडून ठाणें घेतलें, आणि ठाणें पडतांच बेटाचा बहुतेक भाग मराठ्यांकडे आला. विक्रोळी, भांडुप, घाटकोपर या खाडीकांठच्या गांवांचें राज्य बदललें तें असें, चार कोस दूरच्या एका रात्रींत. दुसऱ्या वर्षीं, १७३८ च्या अखेरीस, पोर्तुगिजांनीं ठाणें परत घेण्यासाठीं गलबतांनिशीं चाल केली. या बेताची आगाऊ बातमी मराठ्यांस कोणीं द्यावी? मुंबईच्या हॉर्नसाहेबानें! दोघेहि ख्रिस्ती, दोघांमध्यें मैत्रीचे करार. पण सरहद्दीवर शेजाऱ्याचा शेजारी तोच मित्र. त्या चढाईंत पोर्तुगिजांचा सेनापति पेद्रु द मेलो ठार झाला व चढाई फसली.

१७३९ च्या मे महिन्यांत तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर वसई पडली. तेव्हां हॉर्नसाहेबाच्या ध्यानांत आलें कीं, कमजोर शेजारी जाऊन बळकट शेजारी आला! मुंबईच्या कोटाभोंवतीं खंदक खणण्यास प्रारंभ झाला, व त्या कामीं शहरांतील व्यापाऱ्यांनीं तीस हजार रुपयांची वर्गणी दिली. कॅप्टन इंचबर्ड चिमाजी अप्पांकडे तहासाठीं वसईस आला आणि कॅप्टन गॉर्डन साताऱ्यास शाहू महाराजांच्या दरबारीं गेला. वसईच्या तहांत, जे ख्रिस्ती रयत मागें राहतील त्यांस आपला धर्म पाळतां यावा व कांहीं इगर्ज्या शाबूत राहाव्या, अशीं कलमें होतीं. साष्टींतील जुन्या ख्रिस्ती वस्त्या आजहि नांदत आहेत, हा आमच्या मतें त्या विजयाचा सर्वांत चांगला भाग होय.

मराठ्यांचा अंमल सुमारें सदतीस वर्षें टिकला. पुण्यास नारायणरावांच्या वधानंतर घरांतच दुही माजली, आणि इकडे पोर्तुगिजांचें आरमार साष्टी परत घेण्यास येत आहे अशी बातमी मुंबईस पोंचली. दुसऱ्यानें घेण्यापूर्वीं आपणच घ्यावी, असें इंग्रजांनीं ठरविलें. १७७४ च्या डिसेंबरांत जनरल रॉबर्ट गॉर्डन याच्या हाताखालीं सहाशेंवर गोरे व एक हजार हिंदी शिपाई ठाण्यावर चालून गेले. पहिला हल्ला फसला. महिनाअखेर किल्ला पडला. आरमाराचा अधिकारी जॉन वॉटसन जखमी होऊन पुढें मेला, आणि आंतील मराठी शिबंदीपैकीं बहुतेकांची कत्तल झाली. विजेत्यांच्या बखरकारांनीं हें वाक्य एका ओळींत उरकलें आहे. १७८२ च्या सालबाईच्या तहानें वसई परत मिळाली, साष्टी मात्र कायमची गेली.

येथें थोडें परदेशांत डोकावूं. त्याच १७७४ सालीं, ऑक्टोबरांत, अमेरिकेंत ओहायो नदीच्या कांठीं पॉइंट प्लेझंट येथें व्हर्जिनियाचे इंग्रज वसाहतवाले व शॉनी जमातीचे मूळ रहिवासी यांची लढाई झाली. दोनच महिन्यांनीं ठाण्याची. ओहायो प्रांताची पुढील कथा आपल्या साष्टीशीं ताडून पाहण्यासारखी आहे. १७८८ सालीं मरीएटा हें गांव वसलें, दुसऱ्या वर्षीं फोर्ट वॉशिंग्टन हा किल्ला उभा राहिला, १७९१ सालीं तेथील मूळ रहिवाशांनीं सेंट क्लेअर याच्या सैन्याची दाणादाण उडवून सहाशेंवर माणसें मारलीं, १७९४ सालीं जनरल वेन यानें त्यांचा मोड केला आणि १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहानें बहुतेक भूमि गोऱ्यांस मोकळी झाली. १८०३ सालीं ओहायो हें संस्थान अमेरिकेच्या संघांत दाखल झालें. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन आंखून जमीन विकण्यांत आली, व एक मोठा पट्टा व्हर्जिनियाच्या जुन्या सैनिकांसाठीं राखण्यांत आला. किल्ला, मग मोजणीदार, मग खरेदीखत, हा क्रम साष्टींतलाच. भेद एकच, पण केवढा! ओहायोंतून मूळ लोकांस हुसकावून देण्यांत आलें. त्यांपैकीं शेवटची वायंडॉट जमात १८४३ सालीं तेथून निघाली. साष्टींत कोळी, आगरी, ख्रिस्ती, सारे आपापल्या गांवीं राहिले; त्यांच्या डोक्यावरून कागद मात्र फिरत राहिले.

कंपनीच्या हातीं साष्टी आली तेव्हां तींत पडीक जमीन फार होती. ती लागवडीस यावी म्हणून सरकारनें मोठमोठीं गांवें भांडवलवाल्यांस देण्याचें धोरण धरलें. पश्चिमेकडील मालाड, दहिसर वगैरे गांवें १८३० सालीं बैरामजी जिजीभाईंस मिळालीं. आमच्या या बाजूस पवईची जहागीर १८२९ सालीं फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याकडे आली, आणि पुढच्या दहा वर्षांच्या आंत विक्रोळीहि त्याच्याच नांवें झाली. फ्रामजी मोठा हौशी गृहस्थ. पवईस त्यानें ऊंस, नीळ, तुती यांची लागवड केली, आणि १८३८ सालीं आपल्या बागेचे आंबे आगबोटीनें व्हिक्टोरिया राणीस धाडले! धोबी तलावावरील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूट याच्याच स्मरणार्थ. अशा जमीनदारांस लोक खोत म्हणत. त्यांनीं विहिरी खणल्या, झाडें लावलीं, हें खरें. परंतु ज्याचा बाप आपलें म्हणून शेत कसत असे, तो सनदेनंतर दुसऱ्याच्या मर्जीचा कूळ झाला, हेंहि तितकेंच खरें आहे.

पुढील गोष्टी सर्वांस ठाऊक असल्यानें भरभर सांगतों. १८०५ सालीं शीव व कुर्लें जोडणारा बांध पुरा झाला आणि सरहद्दीची खाडी पायांखालीं आली. १८४३ सालीं भांडुपच्या मुक्कामीं मुख्य एंजिनियर जॉर्ज क्लार्क याच्या मनांत लोहमार्गाची कल्पना प्रथम आली असें सांगतात. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणें हे एकवीस मैल गाडीनें तोडले. १९४० नंतरच्या दशकांत पिरोजशा गोदरेज यांनीं उच्च न्यायालयामार्फत झालेल्या लिलावांत विक्रोळीची जमीन घेतली. स्वतंत्र हिंदुस्थानच्या पहिल्या निवडणुकीसाठीं, म्हणजे १९५१-५२ सालीं, लाखों मतपेट्या याच विक्रोळींतून देशभर गेल्या. मग सरकारी वसाहती झाल्या : टागोरनगर, आणि मुख्यमंत्री असतांना १९६३ सालीं निवर्तलेल्या मारोतराव कन्नमवारांच्या नांवाचें कन्नमवारनगर. कोंकणांतून व घाटावरून आलेल्या चाकरमान्यांचीं हजारों कुटुंबें येथें पोटापाण्यास लागलीं. ज्या जुन्या हरियाली गांवच्या हद्दींत हीं घरें उठलीं त्याचें नांव आतां बहुधा दस्तऐवजांतच वाचावयास मिळतें.

कागदांची परंपरा मात्र खंडित झाली नाहीं. १९५१ सालीं मुंबई सरकारनें साष्टींतील अशा जहागिरींची महसूलमाफी रद्द करणारा खास कायदा केला, व त्यांतील पडीक जमीन सरकारजमा ठरविली. आतां वहिवाटींतली जमीन कोणती व पडीक कोणती? खाडीकांठची तिवरें, जीं भरतीस निम्मीं बुडतात, तीं कोणत्या सदरांत घालावीं? या प्रश्नांनीं वकिलांच्या दोन पिढ्या पोसल्या. अलीकडे मुंबई-अहमदाबाद अतिजलद गाडीचा २१ किलोमीटरांचा बोगदा निघाला, त्यांतील सात किलोमीटर खाडीखालून. त्याची एक विहीर विक्रोळीस आहे. त्या जागेच्या संपादनाचा तंटाहि उच्च न्यायालयांत गेला, आणि २०२३ च्या फेब्रुवारींत कंपनीचा अर्ज नामंजूर झाला.

ज्यांस ही वाट पाहावयाची असेल त्यांनीं सकाळीं शीवेच्या टेकडीवर चढावें. स्थानकापासून ती अगदीं जवळ आहे. मुलांस काळ्या किल्ल्यावरचा लेख दाखवावा. मग विक्रोळी, भांडुप करीत ठाण्यास जावें. ठाण्याच्या किल्ल्यांत आतां तुरुंग आहे, तेव्हां आंत जाण्याची इच्छा कोणीं धरूं नये! पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ सालीं याच किल्ल्याच्या कैदेंतून निसटले. परतीस मुलुंडहून ऐरोलीच्या पुलावर जावें. हिंवाळ्याच्या अखेरीस ओहोटीच्या वेळीं तेथून सारी खाडी दिसते. पश्चिमेस भांडुप-विक्रोळीकडील तिवरांची गर्द रांग, आणि चिखलावर हजारोंनीं उतरलेले रोहित पक्षी.