चेहऱ्याचा करडा रंग कोण ठरवतो?

हौशी छायाचित्रकारांमध्ये एक रीत आता चांगलीच रुळली आहे. दिवसभराचे फोटो संगणकावर उघडायचे. ज्यात रंग भडक आलेत, चेहऱ्यावर ट्यूबलाइटची हिरवट झाक पडलीय किंवा मागून एखादा फ्लेक्स डोकावतोय, ते बाजूला काढायचे आणि कृष्णधवल करून टाकायचे. फोटोला एकदम गांभीर्य येतं, सुरकुत्या ठसठशीत दिसतात, पाहणारे वाहवा करतात. या रीतीमागे एक समज आहे: रंग वजा केला की उरतं ते अधिक साधं आणि अधिक खरं. हा समज मला मुळातच चुकीचा वाटतो. माणसाच्या चेहऱ्याचा कृष्णधवल फोटो हा रंगीत फोटोपेक्षा जास्त हस्तक्षेपाचा असतो. त्यातली प्रत्येक करडी छटा कुणीतरी ठरवलेली असते, आणि छायाचित्रकाराने ती ठरवली नाही तर कॅमेरा किंवा सॉफ्टवेअर ती परस्पर ठरवून मोकळं होतं.

रंगाचा करडा होतो कसा, हे आधी पाहू. कॅमेऱ्याच्या सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही, फक्त उजेडाचं प्रमाण कळतं. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी 1976 मध्ये पेटंट मिळवलेली जाळी त्यावर बसवलेली असते. तिच्यात निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल आणि पाव निळे. या तीन मोजमापांतून रंग तयार होतो आणि पुन्हा त्या तिन्हींची बेरीज करून करडा. पण बेरीज कुठल्या प्रमाणात करायची? टीव्हीच्या काळापासून चालत आलेल्या एका सूत्रात लालाचा वाटा सुमारे 30 टक्के, हिरव्याचा 59 आणि निळ्याचा 11 असतो. हे प्रमाण म्हणजे एक सोय आहे, निसर्गनियम नाही. ते बदललं की त्याच चेहऱ्याचा दुसरा चेहरा होतो. कपाळावरचं कुंकू लाल वाहिनीत, म्हणजे फक्त लालाचं मोजमाप धरलं तर, इतकं उजळतं की कपाळात विरून जातं. हिरव्या किंवा निळ्या वाहिनीत तेच काळंभोर उठून दिसतं. हिरव्या लुगड्याचा लाल काठ डोळ्यांना झणझणीत वाटतो, पण दोन्हींचा उजेड जवळपास सारखा असेल तर कृष्णधवलात काठ आणि पदर एकच सपाट पट्टा होऊन बसतात. रंगांमधला विरोध आणि उजेडातला विरोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कृष्णधवलात फक्त दुसरी टिकते.

फिल्मच्या जमान्यात हे सगळं निर्मळ होतं, असं म्हणण्याची सोय नाही. सुरुवातीच्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट आणि फिल्म लाल रंगाला आंधळ्या होत्या. त्यामुळे ओठ काळे यायचे, त्वचेवरचा बारीकसा डागही उठून दिसायचा. पुढे सगळे रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म आली, तरी लेन्सवर कुठला फिल्टर लावायचा हा प्रश्न उरलाच. लाल फिल्टर लावला की त्वचा उजळ आणि नितळ होते, ओठ फिके पडतात. हिरवा लावला की त्वचा गडद आणि रापलेली दिसते. आज हेच काम एडिटिंगमधले स्लायडर करतात, आणि इथे प्रश्न तंत्रापुरता राहत नाही. माणसाची त्वचा कुठल्याही वर्णाची असो, ती निळ्यापेक्षा लाल उजेड अधिक परतवते. म्हणून लाल-नारिंगीचा स्लायडर जरा पुढे सरकवला की सावळा चेहरा गोरा होतो. हे करणाऱ्याच्या मनात तसा हेतू असेलच असं नाही. ‘चेहरा जरा खुलवला’ एवढंच तो म्हणेल. पण लग्नाच्या जाहिरातीत अजूनही ‘गोरी’ हा शब्द छापणाऱ्या आपल्या समाजात सावळेपण पुसण्याची ही सवय निरागस मानता येणार नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. शेतकऱ्याचा किंवा कामगाराचा चेहरा ‘दमदार’ दिसावा म्हणून त्वचा मुद्दाम काळवंडायची आणि सुरकुत्या दगडी करायच्या, हाही त्या माणसावर लादलेला निर्णयच असतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो रॉ फाइलचा, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद जपणाऱ्या फाइलचा. रॉमध्ये सगळा रंग शाबूत असतो, मग आधी डोकं कशाला शिणवायचं? घरी निवांत ठरवू. करड्याचं प्रमाण नंतर ठरवता येतं, हे खरं. पण उजेडाची दिशा नंतर बदलता येत नाही आणि चेहऱ्याला जो उजेड मिळालाच नाही तो नंतर आणता येत नाही. वारीचंच पाहा. चौकट पांढऱ्या सदऱ्यांनी, धोतरांनी आणि टोप्यांनी भरलेली असते. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं, म्हणजे परंपरेने 18 टक्के उजेड परतवणारं, धरून चालतं. इतकं पांढरं पाहून ते एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) खाली आणतं आणि वारकऱ्याचा उन्हाने रापलेला चेहरा काळोखात जातो. नंतर तो उपसून वर काढला तर गालावरच्या छटा तुटतात, दाणे उमटतात. म्हणून मोजायचा तो चेहरा, कपडे नव्हेत. तेवढा वेळ नसेल तर त्याच उजेडात स्वतःचा तळहात धरून मोजावं. तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, तेवढी भर घातली की काम होतं. आणखी एक सोपा उपाय बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत असतो: फाइल रॉ ठेवायची आणि पडद्यावरचं दृश्य मोनोक्रोमवर टाकायचं. रंग फाइलमध्ये सुरक्षित राहतो, पण काढताना डोळ्यांसमोर फक्त उजेड आणि सावली असते. निर्णय मग योग्य वेळी घेतला जातो.

दुसरा आक्षेप कँडिडवाल्यांचा: क्षण निसटून जातो, तिथे करड्याचा विचार कोण करणार? पण कँडिडच्या परंपरेकडे पाहिलं तर उत्तर तिथेच आहे. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचं 1952 चं पुस्तक ‘निर्णायक क्षणा’साठी ओळखलं जातं, पण त्यांचे बरेच निर्णय क्षणाच्या कितीतरी आधी झालेले असत. लायका कॅमेऱ्यात कृष्णधवल फिल्म, बहुतेक वेळा 50 मिमीची लेन्स, आणि नंतर चौकट कापायची नाही हा नेम. काय वगळायचं हे घरातून निघतानाच ठरलं होतं, म्हणून रस्त्यावर नजर फक्त हालचालीसाठी आणि हावभावासाठी मोकळी होती. कँडिडला विचारासाठी वेळ नसतो, म्हणूनच विचार आधी करून ठेवावा लागतो.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र एका भारतीय छायाचित्रकाराचा आहे. रघुबीर सिंग यांनी आयुष्यभर रंगीत काम केलं. रंग हा भारतीय नजरेचा मूळ स्वभाव आहे आणि कृष्णधवलातली उदासी पश्चिमेकडून आलेली आहे, अशी त्यांची धारणा होती. हे झटकून टाकता येत नाही. जेजुरीत सोमवती अमावस्येला उधळलेला भंडारा कृष्णधवलात नुसती धूळ होतो. हळदीचा पिवळा हाच तिथला विषय, आणि तो काढला तर फोटोत खंडोबाच उरत नाही. पण याच महाराष्ट्रात वारी आहे. पांढरी वस्त्रं, गोपीचंदनाचा टिळा, त्यावर काळा बुक्का, आषाढातलं ढगाळ आभाळ. तिथे दृश्यच जवळपास काळ्या-पांढऱ्यात मांडलेलं असतं, आणि ढगांतून गाळून आलेला मऊ उजेड चेहऱ्याची प्रत्येक घडी वाचू देतो. म्हणजे रघुबीर सिंग यांच्या आक्षेपाने कृष्णधवल बाद होत नाही. ते कुठे नको हे कळतं. फोटोचा अर्थ रंगात असेल तर रंग काढणं ही मोडतोड आहे. अर्थ नजरेत, हातांच्या हालचालीत किंवा उजेडाच्या उतरंडीत असेल तर रंग अडसर होऊ शकतो.

रंगाबरोबर आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे तारीख. वारकऱ्याच्या डोक्यावरचं निळं प्लॅस्टिक, मुलीच्या हातातल्या मोबाइलचं गुलाबी कव्हर, फ्लेक्सवरचा भगवा, या रंगांतून आजचा दिवस कळतो. ते करडे झाले की आजचा माणूस सत्तर वर्षं मागे ढकलला जातो आणि त्याची गरिबी सुंदर आणि सनातन वाटायला लागते. हौशी मंडळी घाटावरच्या म्हाताऱ्यांकडे, साधूंकडे आणि भिकाऱ्यांकडे इतकी का ओढली जातात, याचं एक कारण हेच असावं. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी 1936 मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला स्थलांतरित आईचा फोटो जगभर गाजला, महामंदीचं प्रतीक झाला. त्या बाईचं नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, लोकांना कळायला 1978 उजाडलं. आणि हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, अशी थॉम्प्सन यांची भावना होती. लँग यांच्या फोटोला निदान सरकारी कामाचा हेतू होता, मदत मिळवण्याचा. आपल्याकडे बहुतेक वेळा स्पर्धेतलं एक पदक एवढाच हेतू असतो. तेव्हा ज्याचा चेहरा घेतला त्याच्याशी दोन शब्द बोलावं, जमेल तर नाव विचारावं, आणि त्याला त्याचा फोटो दाखवावा. तो स्वतःला त्यात ओळखतो की नाही, ही करड्या छटांची कुठल्याही परीक्षकापेक्षा कडक तपासणी आहे.

हौस आहे ती, इतका काथ्याकूट कशाला, असंही कुणी म्हणेल. पण हौशी माणसाला गिऱ्हाइकाची घाई नसते, संपादकाचा तगादा नसतो. नीट विचार करून फोटो काढण्याची चैन परवडते ती त्यालाच, आणि मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली तेव्हापासून आपल्याकडे ही कला पुष्कळशी हौशी मंडळींच्याच खांद्यावर चालत आली आहे. म्हणून माझं मागणं एवढंच: रंग बिघडला म्हणून फोटो कृष्णधवल करू नका. बिघडलेला रंगीत फोटो सरळ काढून टाका. कृष्णधवल काढायचं असेल तर कॅमेरा उचलण्याआधी ठरवा, चेहऱ्यावरचा उजेड मोजा, आणि त्या चेहऱ्याचा करडा हाच का, याचं उत्तर त्या माणसासमोर देता येईल अशा बेताने स्लायडर हलवा.