तिसऱ्या पायरीचा प्रिंट

सोमवार ते शुक्रवार कम्प्युटरवर 'अन्डू' मारत जगणाऱ्यांनी एकदा तरी प्रिंटमेकिंगचा क्लास करावा. इथे छापलं की छापलं! मी दोन महिने दर शनिवारी जातेय. फी ऐकून आई म्हणाली, "एवढ्यात नवा मिक्सर आला असता."

पहिल्या दिवशी मोनोटाइप. काचेवर रोलरने शाईचा पातळ थर द्यायचा, त्यावर कागद अलगद ठेवायचा आणि कागदाच्या पाठीवर पेन्सिलने चित्र काढायचं. जिथे दाब पडेल तिथे शाई उमटते. काढताना आपल्याला काहीच दिसत नाही. तळहात टेकला तर तोही छापून येतो, आणि खरं सांगू, बऱ्याचदा तोच भाग भारी दिसतो.

मग आलं फ्रोताज. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तेच. जर्मन चित्रकार मॅक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये फ्रान्समधल्या समुद्रकाठच्या एका हॉटेलात जमिनीच्या लाकडी फळ्या अशाच कागदावर उतरवल्या होत्या. आम्हाला होमवर्क मिळालं: घरातले दहा पृष्ठभाग आणा.

आमचं घर गिरगावातल्या चाळीत. चाळ रीडेव्हलपमेंटला गेलीय, दिवाळीनंतर खोली रिकामी करायची. मला लिफ्ट हवीय, स्वतःचं बाथरूम हवंय. चाळीच्या आठवणींनी गहिवरणारे लेख वाचले की माझं डोकं फिरतं. त्या मंडळींनी सकाळी कॉमन संडासाची लाइन लावलेली नसते!

तर जिन्यापासून सुरुवात केली. तिसरी पायरी मधोमध झिजलीय. कागद ताणून ग्रॅफाइट फिरवलं, तर कडांना लाकडाच्या रेषा लख्ख आल्या आणि मधला खळगा जवळजवळ कोराच राहिला. पणजोबांपासूनची सगळ्यांची पावलं, त्या कोऱ्या जागेत.

बाबा बघत होते. संमतीपत्रावर पहिल्यांदा सही करणारे तेच. घर सोडण्याबद्दल त्यानंतर एक अक्षर बोलले नव्हते. म्हणाले, "दारावरच्या पाटीचा पण घे." पितळी पाटी, कोरलेली अक्षरं. काळ्यावर पांढरं, आजोबांचं नाव उमटलं.

"शाई लावून छापलं असतंस तर उलटं आलं असतं," बाबा म्हणाले. मग बराच वेळ तो कागद हातात धरून बसले.

नऊ झालेत. दहावा गॅलरीच्या कठड्याचा. तो गोल आहे, कागद सरकतो. रविवारी बाबा धरणार आहेत.